मसाल्याचे नाही

कुंभार पिंपळगाव
४ जून २०२४

चि. सौ. प्रियदर्शनीस द्वारकाबाईचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, न्हाईतर राहू दे. मी तर दिला.

पत्र लिहायचं कारण, तू फोन उचलत न्हाईस. अंगदचा न्हाई उचलत, ते तुमचं नवरा-बायकोचं. पण सासूचाबी न्हाई? मी वीस येळा लावला. शेवटी ती फोनमधली बाई इंग्रजीत बोलाया लागली, तिला मी मराठीत ऐकवलं. तुझ्या अंबडच्या खोलीचा पत्ता अंगदच्या दुकानात एका पावतीमागं लिव्हलेला सापडला, तो उतरून घेतला. त्याला सांगितलं न्हाई.

तू गेलीस त्याला दीड महिना होऊन गेला. गावात कुणी इचारलं तर मी सांगते, कॉलेजात पेपर तपासाया गेली. आता माणसानं पेपर तरी किती दिवस तपासावे!

झालं ते चुकून झालं, हे मी आधीबी सांगितलं, आता लेखी सांगते. मसाला करायचा दिवस. सैपाकघरात फळीवर दोन डबे. एक माह्या दगडफुलाचा, एक तुझा. तुझ्या डब्यात कागदाच्या पुड्या, अन् पुड्यात तेच करडं, वाळलेलं, कडा मुरडलेलं. मला वाटलं वाण्यानंच पुड्या बांधून दिल्या. वर काही बारीक बारीक लिव्हलं होतं, पण डोळ्याला चष्मा न्हव्हता. तेलात परतलं, धने-खोबऱ्यात घातलं, कांडपावर नेलं. तुझी चार वर्ष गोळा केलेली पीएचडी मसाल्यात गेली, हे मला संध्याकाळी तुझं तोंड पाहून कळलं.

आता सांग, एवढ्यावरून कुणी घर सोडून जातं का? अंगद वाळून राह्यलाय. दुकानात पंपाच्या जळक्या मोटारी भरतो, घरी येतो, भिंतीकडं तोंड करून जेवतो. मी म्हणलं, जा, आण तिला. म्हणला, "ती तुला खोटारडी म्हणली आई. तिनं ते मागं घ्यावं, मंग जातो."

तवा तू ये. न्हाईतर निदान दोन वळी लिही.

तुझी सासू,
द्वारकाबाई

&nbsp;

१९ जून २०२४

प्रियदर्शनी,

तुझं उत्तर न्हाई आलं. येईल असं वाटलंबी न्हव्हतं, पण पोस्टमन दिसला की मी उगंच दारात जाते. तो म्हणतो, "काय मावशी, मनीऑर्डर यायची का?" मी म्हणते, व्हय, तुझ्या बापाची.

एक गोष्ट सांगायची राह्यली. तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही हितंच राह्यली, गादीखाली. पोरांना शिकवायला मराठीत लिव्हलेली, "शैवाक : ओळख". शैवाक म्हणजे आपलं दगडफूल अन् त्याचं सगळं खानदान, एवढं पह्यल्या पानावर कळलं. मी सातवी पास आहे बाई, तुझ्या सासऱ्यानं बायको काही अंगठाछाप केली न्हव्हती. रोज दुपारी दोन पानं वाचते. आपण नेमकं काय दळलं ते तरी कळावं म्हून.

तू लिव्हलंस, हे एक झाडच न्हाई. दोघं आहेत. बुरशी अन् शेवाळ. बुरशी घर बांधती, ओल धरून ठेवती, उन्हातान्हात झाकती. शेवाळ आत बसून उजेडावर सैपाक करतं अन् दोघंबी खातात. वाचून मला हसू आलं. म्हणलं, आमच्या घरात घर धरणारीबी मीच अन् सैपाक करणारीबी मीच, मंग प्रियदर्शनी काय करती? ती वही लिहिती!

राग नको धरू. तू काढलेलं चित्र लई बराबर आहे. आडवं कापलं तर वर कडक साल, त्याखाली हिरव्या ठिपक्यांचा पातळ थर, मधी कापसागत पोकळ, खाली परत साल. भाकरीला पापुद्रा सुटतो तसं. खालून बारीक केस, ते मुळ्या न्हाईत, नुसतं धरून बसायला. मी भिंगातून पाह्यलं. तुझंच भिंग, तेबी हितंच आहे. माह्या डब्यातला एक तुकडा पाण्यात टाकला तर दोन मिनटात हिरवा झाला. पन्नास वर्ष मसाला केला, हे कधी पाह्यलं न्हाई. मी येडी अंगदला हाक मारायला लागले, तर तो दुकानात.

मसाल्याच्या आधी त्या दिवशी अंगणात तू हेच सांगत होतीस का? मिरच्यांची देठं खुडायला बाया आल्त्या. चांगुणाबाईनं तुला इचारलं, का गं, हे दगडफूल कोणत्या दगडाला येतं? तू म्हणलीस, "काकू, ते फूल नाही, दगडाचंही नाही. ती बुरशी आहे." पुढंबी काही सांगत होतीस. शेवाळाचं सांगत असशील. पण बुरशी म्हणल्यावर पुढचं कोण ऐकतं? बुरशी म्हणजे आपल्याकडं शिळ्या भाकरीवरची, लोणच्यावरची. सगळ्या बाया हातातली मिरची खाली ठेवून माह्याकडं बघाया लागल्या. चांगुणाबाई म्हणली, "आगं बया! द्वारका इतके दिस आम्हाला बुरशी चारून राह्यली!" दुसऱ्या दिवशी वेशीपर्यंत माझं नाव बुरशीवाली झालं.

तुझा सासरा गेला तवा अंगद नऊ वर्षाचा होता. ह्या मसाल्यावर मी त्याला वाढवला. आष्टीपासून अंबडपर्यंत लोक म्हणायचे, मसाला न्यावा तर द्वारकाबाईचा. मला लागलं ते. लागायचंच. पण त्याचा अन् तुझ्या पुड्यांचा काही संबंध न्हाई. ते चुकूनच झालं.

द्वारकाबाई

&nbsp;

८ जुलै २०२४

प्रियदर्शनी,

आज माझी फजिती ऐक. हसलीस तरी चालंल, तू हसलेली मला बघायची आहे.

वहीत वाचलं, शैवाकाला बी नसतं. काहींच्या अंगावर पिठागत भुकटी येती. भुकटीच्या एकेका कणात बुरशीचे दोरे अन् शेवाळाचे दोन-चार दाणे गुंडाळलेले, दोघंबी संगं. वाऱ्यानं उडाली, मुंगीच्या पायाला लागली, की जिथं पडंल तिथं नवा संसार. काहींना बारीक बोटं फुटतात, ती मोडून पडली तरी चालतं. नुसता तुकडा पडला तरी चालतं. मी म्हणलं, द्वारके, मंग काय बिघडलं? भुकटीच तर झाली!

तो मसाला मी कुणाला इकला न्हाई. बरणीत तसाच आहे. सपाटून चाळला, तुकडा काही निघाला न्हाई. मंग मूठ मूठ घेऊन गेले अन् मळ्यातल्या चिंचंच्या खोडावर चोळला. उत्तरंच्या बाजूनं, तू लिव्हलं तसं. वरून पाणी शिपडलं. चार दिस रोज जाऊन बघते. पाचव्या दिवशी मुंग्यांची ही रांग! अन् खोडावरून फिरवलेला तोच हात डोळ्याला लागला तर आग आग. बांधावर बसून रडून राह्यले अन् भागवत सालगडी इचारतो, "काय झालं काकू?" काय सांगू त्याला? सुनंची पीएचडी पेरली म्हून?

तेलात परतलेलं, मिरचीत कुटलेलं, ते उगवंल का? शेतकऱ्याच्या पोरीला एवढं कळू नये! भाजलेलं बी उगवत न्हाई, हे मला बापानं चालायला शिकवायच्या आधी शिकवलं.

मंग वाटलं, नवं गोळा करावं. वहीच्या मागल्या पानावर तुझी गावांची यादी आहे. एकशे बेचाळीस नमुने. मी एस्टीनं आष्टीला गेले. तुझी ती आमराई, ओढ्याकाठची. तू यादीत तिथल्या एका जुन्या आंब्यापुढं तीनदा खूण केलीस अन् लिव्हलंस, "फक्त इथेच." पोरी, तो आंबा न्हाई राह्यला. रस्ता रुंद झाला त्यात गेला. बुंधासुदिक उकरून नेला. तिथं आता मुरूम पडलाय.

त्या आंब्याचं जे होतं ते तुझ्या पुडीत होतं. जगात तेवढंच असंल कदाचित. येताना एस्टीत मला जागा मिळाली तरी मी बसले न्हाई.

शैवाक वर्षाला दोऱ्याच्या जाडीएवढं वाढतं म्हणे. मी आता त्रेसष्टची आहे.

द्वारकाबाई

&nbsp;

२९ जुलै २०२४

प्रियदर्शनी,

काल महजबीन आल्ती. तुझ्या कॉलेजातली. तुझी पुस्तकं न्यायला तूच पाठवलंस म्हणे. बसली, च्या घेतला. लई गोड पोरगी आहे, "खाला" म्हणली मला. मी इचारलं, पीएचडीचं काय झालं गं? ती पुस्तकं पिशवीत भराया लागली. मी म्हणलं, सांग, मी काही लहान लेकरू न्हाई.

ती म्हणली, "खाला, नमुने न्हाईत तर नुसत्या याद्यांना कोण मानतं? सरांनी इचारलं, नमुने कुठं आहेत. तिनं लिहून दिलं, वाळवी लागली."

मी म्हणलं, वाळवी?

"हां. माझ्या निष्काळजीपणानं डब्याला वाळवी लागली, असं लिहून दिलं. सर लई बोलले तिला. म्हणले, असल्या बेपर्वा माणसानं संशोधन करू नये. मी म्हणलं, खरं काय ते सांग की. तर म्हणली, आत्याबाईंचं नाव आधीच गावानं खराब केलंय, आता विद्यापीठातबी कशाला."

महजबीन गेल्यावर चूल पेटवली न्हाई. अंगदला म्हणलं, पोट दुखतं.

आता ऐक. चष्मा माह्या डोळ्यावरच होता.

तू पुड्यांवर गावाचं नाव, झाडाचं नाव अन् तारीख लिव्हायचीस. अन् प्रत्येक पुडीवर लाल शाईनं, मोठ्या अक्षरात, "मसाल्याचे नाही." एकशे बेचाळीस येळा लिव्हलंस. मला कळावं म्हून मराठीत लिव्हलंस. डबा फळीवर ठेवला तवा हसून म्हणलीसबी, "आत्याबाई, तुमच्यासाठी लिहिलंय हं." मी प्रत्येक पुडी सोडली तवा वाचलं. प्रत्येक. पह्यली पुडी परत बांधाया घेतली. मंग चांगुणाबाईचा आवाज कानात आला, बुरशीवाली, अन् मी म्हणलं, तुझी बुरशी महाग अन् माझी बुरशी लाजंची व्हय? मंग एकामागं एक सोडत गेले. झाडाच्या सालीचे तुकडे चिकटलेले होते, तेबी तसेच टाकले. कागद चुलीत घातले.

संध्याकाळी तू म्हणलीस, "यांनी वाचून केलंय." अंगद उठला. म्हणला, "माझ्या आईच्या गळ्याची शपथ, तिला ठावं न्हव्हतं." तू माह्याकडं पाह्यलंस. मी लसूण सोलत होते. मी एकच शब्द बोलायचा होता. मी खाली बघून लसूण सोलत राह्यले. तू उठून पिशवी भरलीस.

मी पापी आहे असं लिहून सुटका करून घेत न्हाई. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेबी लिहिते. तू गेलीस तवा दोन दिस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी फळीवर एकच डबा दिसला अन् मंग बरं वाटणं संपलं.

ह्यासंगं दुसरा कागद जोडला आहे. तो तुझ्या सरांसाठी. साधं लिव्हलं आहे: मी द्वारकाबाई रामकिसन, राहणार कुंभार पिंपळगाव, माझ्या सुनेचे एकशे बेचाळीस नमुने मी स्वतः जाणून नष्ट केले, वाळवी लागली न्हाई, तिचा दोष न्हाई. खाली सही आहे. वाळवीचं खोटं तू माह्यासाठी बोललीस, ते खोडायचा हक्क मला आहे. अंगठाबी उमटवला आहे, लोकांना सहीपेक्षा अंगठ्यावर भरवसा असतो.

द्वारकाबाई

&nbsp;

६ ऑगस्ट २०२४

प्रियदर्शनी,

अंगदला सांगितलं. घरी सांगायची छाती झाली न्हाई म्हून दुकानात गेले. तो मोटारीत तांब्याची तार भरत होता. मी म्हणलं, अंगद, प्रियदर्शनी खरं बोलली होती. मी वाचून केलं.

त्यानं हातातली तार सोडली न्हाई. म्हणला, "काय वाचून?"

मी सगळं सांगितलं. लाल शाईचं, चुलीचं, लसणाचंबी.

तो लई येळ तार गुंडाळत राह्यला. मंग म्हणला, "आई, मी तुझी शपथ खाल्ली होती गं." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुकानाचं शटर ओढलं अन् मोटारसायकलवर बसून गेला. मला वाटलं तुझ्याकडं आला. तर रात्री परत आला, म्हणला, "अंबडला जाऊन तिच्या गल्लीच्या तोंडावरून माघारी फिरलो. काय तोंडानं वर जाऊ?"

मी म्हणलं, ज्या तोंडानं शपथ खाल्लीस त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार?

चांगुणाबाईलाबी सांगून आले, चार बायांत. ती म्हणली, "म्हंजे बुरशी खरीच होती व्हय?" मी म्हणलं, व्हय, खरीच! अन् तुझ्या नातवाला पू झाल्ता तवा डाक्टरनं इंजेक्शन दिलं तेबी बुरशीतूनच निघालेलं, माह्या सुनंच्या वहीत लिव्हलंय, तवा न्हाई थुंकलीस ती! मंग सगळ्यांना मी भिंगातून हिरवा थर दाखवला. चांगुणाबाई म्हणती, "आगं, हे तर जित्तं हाय!" तू त्या दिवशी एवढंच सांगत होतीस. आम्ही ऐकलं न्हाई.

वहीतलं शेवटचं पान काल वाचलं. वाट्यांचं. शैवाकावर बारीक वाट्या येतात अन् त्यातून बुरशीचं बी उडतं. पण ते एकलं उडतं, संगं शेवाळ नसतं. जिथं पडंल तिथं नवं शेवाळ शोधायचं. भेटलं तर घर होतं. न्हाई भेटलं तर मरतं. तू खाली लिव्हलंस, "बहुतेक मरतात."

ते पान मी तीनदा वाचलं. मीबी ह्या गावात तशीच आल्ते, सोळाव्या वर्षी, एकली. माझ्या सासूनं मला पह्यल्या दिवशी चुलीपुढं बसवलं अन् म्हणली, हितं बस, हे तुझं. मला कुणीतरी भेटलं. तू लातूरहून एवढा लांब आलीस, एक डबा घेऊन, अन् तुला जागा म्हून मी फळीचा एक कोपरा दिला. तोबी जपला न्हाई. मला तुझी माफी मागायची आहे, प्रियदर्शनी. ह्याच्या आधी चार पत्रं लिव्हली, त्यात हा शब्द कुठंच न्हाई. आज मागते.

द्वारकाबाई

&nbsp;

१ सप्टेंबर २०२४

प्रियदर्शनी,

तीन आठवड्याच्या वर झालं, मी लिव्हलं न्हाई. अंगद राखीपुनवंच्या आधीच तुझ्याकडं राहायला आला, ते तुला काय सांगायचं. त्याचे कपडे मीच भरले. आठ दिस तर मला वाटलं आज येईल माघारी, तू हाकलशील. न्हाई आला, तवा कळलं तू दार उघडलंस. मी घरात एकलीच मोठ्यानं "बरं झालं" म्हणले अन् मंग इतकी रडले का विचारू नको. पोरगा गेल्याचंबी रडू होतं त्यात. खोटं कशाला बोलू, आता न्हाई बोलायचं ठरवलंय.

काल तो हत्यारं न्यायला आला. मी त्याला तुझं काही इचारलं न्हाई. माफ केलं का, हे तर बिलकुल न्हाई. त्यानंच सांगितलं. सरांनी माझा कागद पाह्यला, अन् तुला दोन वर्ष वाढवून दिली. परत गोळा करायचं. तो आंबा सोडून. तो सांगताना मान खाली घालून होता, अन् मीबी.

मंग म्हणला, "आई, ती कुंभार पिंपळगावला राहायला परत येणार न्हाई. ते तिनं साफ सांगितलं. मी अंबडलाच दुकान बघतो."

मी म्हणलं, बराबर आहे तिचं.

तो गाडीला किक मारून परत थांबला. म्हणला, "अन् तिनं सांगितलं, आत्याबाईला म्हणावं पत्रं बंद करू नका. सगळी ठेवलीत तिनं. सांजंला ते चिंचंवर मसाला चोळल्याचं वाचून दाखवती मला, अन् हसती." गाडी गेली तरी मी दारातच उभी.

हसलीस तर. देवा!

तर मी आता एक इचारते. न्हाई म्हणायचं असंल तर लिहून न्हाई म्हण, मी वाईट वाटून घेणार न्हाई. घेईन, पण तुला कळू देणार न्हाई. मला एकदा तुझं घर बघायचं आहे. सासू म्हून न्हाई यायची मी. कुठल्या डब्याला हात लावणार न्हाई, सैपाकघरात पाऊल टाकणार न्हाई, कुठं काय ठेवावं हे सांगणार न्हाई. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभी राहीन. तू या म्हणलीस तर आत येईन. पाव्हणी म्हून येते, प्रियदर्शनी. पाव्हणीला बसा म्हणतात अन् घोटभर च्या देतात. तेवढं केलंस तरी लई झालं.

तुझी,
द्वारकाबाई